सावड आणि जोळ : इंटरनेटच्या मोजमापाचा प्रश्न

इंटरनेट ही एकसंध यंत्रणा नसून परस्परांशी करार करून जोडल्या गेलेल्या सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळ्यांची साखळी आहे, आणि या साखळीतील कोणत्याही एका कंपनीला स्वतःच्या कुंपणापलीकडचे फारसे दिसत नाही. अलिबागमधील एखाद्या घरातून निघालेला संदेश मुंबईतील सर्व्हरपर्यंत कोणत्या वाटेने गेला, वाटेत कुठे खोळंबला आणि परत यायला त्याला किती वेळ लागला, हे सेवा विकणाऱ्याला अर्धेमुर्धे ठाऊक असते आणि विकत घेणाऱ्याला अजिबात नसते. धान्याच्या दुकानातील तराजूची तपासणी करायला वैधमापन खाते आहे, विजेचा वापर मोजणारा मीटर ग्राहकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांसमोर असतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र माप विक्रेत्याच्या कोठारात राहते आणि ग्राहकाच्या हाती ‘आज नेट नाही’ या तक्रारीपलीकडे काही उरत नाही. ज्या किनाऱ्यावर आता हवामानाचा इशारा, घरगुती पर्यटनाचे आरक्षण, मासळीचे पैसे आणि मुलांचा अभ्यास या सर्वांची वाट एकाच तारेतून किंवा एकाच मनोऱ्यावरून जाते, तिथे ही उणीव केवळ तांत्रिक राहत नाही, ती नागरिकत्वाची उणीव ठरते.

ती भरून काढण्याचा एक मार्ग स्वयंसेवकांनी शोधला आहे. युरोप, पश्चिम आशिया आणि मध्य आशियाचा काही भाग यांसाठी इंटरनेटचे पत्ते वाटून देणारी राइप एनसीसी ही अ‍ॅमस्टरडॅम येथील ना-नफा संस्था आहे. तिने २०१० च्या अखेरीस ‘राइप अ‍ॅटलस’ या नावाचे मोजमापाचे जाळे सुरू केले. त्याचा घटक म्हणजे प्रोब, अर्थात तळहातावर मावणारे एक उपकरण, जे स्वयंसेवक आपल्या राउटरला तारेने जोडून ठेवतो आणि नंतर विसरून जाऊ शकतो; २०२० पासून हेच काम करणारी संगणकप्रणालीही उपलब्ध आहे. आज जगभरात असे बारा हजारांहून अधिक प्रोब चालू आहेत. प्रोब घरातील माणसांच्या वापरात डोकावत नाही, तो फक्त स्वतःचे छोटे संदेश पाठवतो. दूरच्या यंत्राला हाक मारून तिचा प्रतिसाद येईपर्यंतचा वेळ मोजणे याला पिंग म्हणतात. संदेश ज्या ज्या थांब्यांवरून गेला त्यांची यादी काढणे म्हणजे ट्रेसराउट. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी जी डीएनएस नावाची व्यवस्था आहे, तिला विचारणा करून उत्तर नीट आणि वेळेत येते का हे पाहणे हे तिसरे काम.

या साध्या मापांतून किती कळते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, सुमारे २०० किलोमीटर जातो. अलिबाग ते मुंबई हे रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरचे अंतर धरले, तर जाऊन येण्यास तत्त्वतः एक मिलिसेकंद पुरतो, आणि वाटेतील यंत्रांचा विलंब धरूनही हा आकडा मोठा होण्याचे कारण नाही. तोच प्रतिसाद साठ-सत्तर मिलिसेकंदांनी येत असेल, तर तो संदेश समोर दिसणाऱ्या मुंबईला जाण्यासाठी सिंगापूरसारख्या दूरच्या ठिकाणाहून फिरून आला असावा अशी रास्त शंका घेता येते, आणि ट्रेसराउटने तिची शहानिशाही करता येते. जाहिरातीतील वेगाच्या आकड्याने हे कधीही कळत नाही.

प्रोब ठेवणाऱ्याला या जाळ्यात मोबदला मिळतो, पण तो पैशात नसतो. प्रोब चालू असलेल्या प्रत्येक मिनिटाला यजमानाच्या खात्यात १५ क्रेडिट जमा होतात, म्हणजे दिवसाला २१,६००, आणि ही क्रेडिट खर्चून तो जगभरातील इतरांच्या प्रोबकडून स्वतःला हवी ती मोजमापे करून घेऊ शकतो. नको असल्यास ती दुसऱ्याला देऊनही टाकू शकतो. मराठी शेतकऱ्याला ही रचना परकी वाटू नये, कारण ती सावडीची आहे. मजुरी न देता एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायचे आणि श्रमाची परतफेड श्रमानेच करायची, ही सावडीची रीत. बैलजोडी पुरी करण्यासाठी दोघांनी आपापले बैल एकत्र करण्याचा वारंगुळाही याच जातीचा. एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम पैशाशिवाय उभे राहते आणि कोणावर उपकारही होत नाही, हे या व्यवस्थांचे बळ आहे.

तथापि सावडीला एक अट असते, आणि तिच्याकडे या जाळ्याच्या प्रशंसकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्याचे स्वतःचे शेत आहे त्यालाच सावड उपयोगी पडते. इतरांच्या प्रोबकडून मोजमाप करून घेण्याची गरज जाळी चालवणाऱ्या अभियंत्याला, संशोधकाला किंवा हौशी तंत्रज्ञाला असते. मुरूडच्या कोळीवाड्यातील घराला किंवा दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीला दिवसाला २१,६०० क्रेडिटचे काय करायचे? त्यामुळे प्रोब जिथे अभियंते राहतात तिथेच दाटीने वाढतात. जगाच्या नकाशावर ते युरोप आणि उत्तर अमेरिकेत एकवटलेले दिसतात, देशाच्या नकाशावर महानगरांत. परिणामी ज्यांची सेवा मुळात बरी आहे त्यांचीच सेवा सर्वांत बारकाईने मोजली जाते, आणि ज्या टोकाला ती तुटते तिथे नकाशा कोरा राहतो. हा दोष स्वयंसेवकांच्या वृत्तीचा नाही, मोबदल्याच्या रचनेतून तो अपरिहार्यपणे निघतो.

मोजणाऱ्याने कुठे बसावे, या प्रश्नाचा अनुभव रायगडच्या किनाऱ्याला शंभर वर्षांहून अधिक काळाचा आहे. १८३० च्या दशकात जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील चढउतार अनेक ठिकाणी एकाच वेळी मोजण्यासाठी एक संघ उभारला. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घडीला, दर पाच मिनिटांनी दूरदूरच्या वेधशाळांतील निरीक्षक सुईकडे पाहून आकडा टिपत आणि ते आकडे एकत्र केल्यावरच त्यांना अर्थ येई, कारण एका ठिकाणची हालचाल स्थानिक आहे की अवघ्या पृथ्वीची, हे एकट्या वेधशाळेला ठरवता येत नाही. अ‍ॅटलसचे तत्त्व याहून वेगळे नाही. त्याच काळात चुंबकीय मोजमापाची ही लाट जगभर पसरली आणि मुंबईत १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील स्फोटामुळे जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची कुलाब्यात टिपलेली नोंद २००३ मध्ये नव्याने अभ्यासली गेली, तेव्हा त्या वादळाची तीव्रता प्रथमच नीट आजमावता आली. या संशोधनात आज नवीन पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. दीडशे वर्षांनी आपल्या आकड्यांचे काय होणार आहे, हे १८५९ मधील निरीक्षकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी फक्त नेमाने नोंद केली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्राम घोड्यांऐवजी विजेवर चालवण्याचे ठरले आणि विजेच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या नाजूक सुया भलत्याच कारणाने थरथरतील हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे, मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर अलिबाग येथे चुंबकीय गुणधर्म नसलेल्या दगडातून नवी वेधशाळा उभारली आणि १९०४ पासून तिथे नोंदी होऊ लागल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची निवड त्या गावाच्या गैरसोयीमुळे, म्हणजे महानगराच्या गोंगाटापासून ते दूर असल्यामुळे झाली, ही गोष्ट मोजमापाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. इंटरनेटच्या जाळ्यात नेमके याच्या उलट घडत आहे. देशाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या समुद्री तारांपैकी मोठा हिस्सा मुंबईत किनाऱ्याला लागतो, कंपन्यांची जोडणी-केंद्रे तिथेच आहेत आणि मोजणारी उपकरणेही तिथेच गोळा होतात. म्हणजे सुई पुन्हा ट्रामच्या शेजारी ठेवली गेली आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग आणि आतील तालुक्यांत विजेचे खांब, घरांची छपरे आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, मोबाइलची सेवा कोलमडली, आणि टाळेबंदीच्या त्या दिवसांत मुंबईतील चाकरमान्यांना गावच्या घरी कोणाची काय अवस्था आहे हे कळण्याचा मार्ग उरला नाही. घरे आणि झाडे यांचे पंचनामे झाले, कारण पडलेले घर दिसते आणि मोडलेली सुपारी मोजता येते. सेवा कोणत्या गावात किती वाजता गेली आणि कितव्या दिवशी परतली याचा पंचनामा मात्र कोणत्याही कागदावर नाही. वास्तविक हे मोजणे सर्वांत सोपे आहे. प्रोबचा केंद्राशी संपर्क केव्हा तुटला आणि केव्हा पुन्हा जुळला याची नोंद अ‍ॅटलस आपोआप ठेवते आणि ती जाहीर असते. श्रीवर्धनमध्ये त्या दिवशी असा एक प्रोब असता तर त्याने दुसरे काही केले नसते तरी चालले असते. त्याच्या मौनाचा आरंभ आणि अंत या दोन वेळाच पुराव्याला पुरल्या असत्या.

अशा पुराव्याला आता कायद्याच्या दृष्टीनेही किंमत आली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेविषयी केलेल्या विनियमांनुसार जिल्ह्यात सेवा चार तासांहून अधिक काळ ठप्प झाल्यास कंपनीने ते चोवीस तासांत प्राधिकरणाला कळवायचे आहे, आणि खंड चोवीस तासांहून लांबल्यास ग्राहकांना भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यायची आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु त्याचे एकक जिल्हा हे आहे. रायगड जिल्ह्यात महानगरपालिका असलेले पनवेल आहे आणि डोंगर-खाड्यांच्या बेचक्यात वसलेले श्रीवर्धनही आहे; या दोहोंची सेवा एका मापात बसवली की पनवेलच्या दिव्यांत श्रीवर्धनचा अंधार दिसेनासा होतो. शिवाय खंड पडला हे सांगायचे ज्याची सेवा खंडित झाली त्यानेच. भारतनेटसारख्या योजनेतून गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रकमेच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी दिली. तिथेही ‘सेवासज्ज’ ग्रामपंचायतींची संख्या ठळकपणे छापली जाते, पण सज्ज असलेली सेवा श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी प्रत्यक्ष चालू होती का, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या पंचायतीच्या कार्यालयात बसून सतत मोजणाऱ्या यंत्राशिवाय मिळणार नाही.

मग किनाऱ्यावरच्या घराने किंवा संस्थेने ज्याचा स्वतःला सरळ लाभ नाही ते यंत्र का सांभाळावे? या प्रश्नाचे उत्तर सावडीत नाही, पण याच किनाऱ्याच्या दुसऱ्या एका परंपरेत आहे. अलिबाग आणि पेण तालुक्यांतील खारेपाट ही समुद्राच्या भरतीपासून बांध घालून राखलेली भातजमीन आहे. तिच्या बाहेरच्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात आणि आतले पाणी ओहोटीला सोडण्यासाठी बांधात ठेवलेल्या दाराला उघाडी. बाहेरकाठ्याची डागडुजी शेतकरी एकत्र येऊन सामूहिक श्रमाने करीत, आणि या पद्धतीला जोळ असे नाव होते. सावड आणि जोळ यांत मूलभूत भेद आहे. सावडीत आज तुझे शेत आणि उद्या माझे, श्रमाचे फळ प्रत्येकाचे वेगळे आणि हिशेब दोघांतला. जोळ पद्धतीत बांध कोणा एकाचा नसतो, त्याला खांड एकाच्या शेतासमोर पडली तरी खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते, आणि म्हणून तिथे परतफेडीची भाषाच अपुरी पडते. मोजमापाच्या जाळ्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. क्रेडिट ही सावड आहे. पण वर्षानुवर्षांच्या खुल्या नोंदींची जी मालिका त्यातून तयार होते, ती बाहेरकाठा आहे. जाळ्याने आजवर यजमानांना सावडीच्या भाषेत बोलावले, आणि त्या भाषेला प्रतिसाद देणारे लोक शहरांत असल्यामुळे बांध तिथेच भक्कम झाला, तर उधाण जिथे येते त्या टोकाला तो अर्धवट राहिला.

जोळ पद्धतीचे पुढे काय झाले, हेही विसरता येणार नाही. १९४८ चा खार जमिनींविषयीचा कायदा आणि नंतरचा १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम यांमुळे बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात शासनाकडे गेली. शासनाकडे निधी आणि अभियंते होते, त्यामुळे हा बदल अनाठायी नव्हता. पण लहानशी खांड दिसताच दुसऱ्या दिवशी गावाने चिखल घेऊन धावण्याची सवय मोडली, दुरुस्ती प्रस्ताव आणि मंजुरीच्या वाटेला लागली, आणि उधाणाने बांध फुटून भातजमिनी नापीक झाल्याच्या घटना वाढत गेल्या. इंटरनेटचे मोजमाप केवळ ट्रायने करावे, असे म्हणणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात घेतला पाहिजे. नियामकाची चाचणी आवश्यकच आहे, पण ती ठरावीक दिवशी गाडीतून येते आणि जाते. खांड मात्र चाचणीचा दिवस पाहून पडत नाही.

याच मातीतला आणखी एक धडा असा की सामूहिक श्रमाचे कौतुक करताना पीक कोणाच्या कोठारात जाते हे विचारलेच पाहिजे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला आणि सुमारे सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप याच प्रश्नावर होता. बांध कुळांनी राखायचा, शेत कुळांनी कसायचे आणि भात खोताने न्यायचे, हे नाकारण्यासाठी त्यांनी जमिनी पडीक ठेवून उपासमार सोसली. मोजमापाच्या क्षेत्रातही खोती शक्य आहे. फोनवर वेग तपासून देणाऱ्या काही खाजगी कंपन्या लोकांच्या चाचण्यांतून गोळा झालेली तपशीलवार माहिती दूरसंचार कंपन्यांना विकतात, आणि चाचणी करणाऱ्याच्या पदरात क्षणभराचा एक आकडा पडतो. अ‍ॅटलसची बहुतांश मोजमापे कोणालाही विनामूल्य पाहता व वापरता येतात, हा फरक निर्णायक आहे, कारण स्वयंसेवकाचा श्रम ज्या जाळ्यात खाजगी मालमत्ता बनतो तिथे स्वयंसेवा या शब्दाला अर्थ राहत नाही. तरीही जाळ्याचे नियम अ‍ॅमस्टरडॅममध्ये ठरतात आणि आशिया-प्रशांत विभागाची नोंदणीसंस्था वेगळी, ब्रिस्बेन येथील एपनिक ही आहे, हे लक्षात घेता नियम ठरवण्यात इथल्या यजमानांचा वाटा नगण्य आहे, आणि ही तक्रार न्याय्य आहे.

किनाऱ्यावरच्या गावांत प्रोब ठेवण्याच्या प्रस्तावावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. भारतातील इंटरनेट ग्राहकांपैकी बहुसंख्य लोक मोबाइलवर अवलंबून आहेत, तर प्रोब मुख्यतः तारेच्या जोडणीला लागतो. म्हणजे रेवदंड्याच्या बंदरावर फोनवरून पैसे स्वीकारणाऱ्या मासेविक्रेतीला जे सोसावे लागते ते प्रोबला दिसत नाही. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. मात्र मनोऱ्यामागेही शेवटी तंतूच असतो, आणि एका तालुक्याकडे जाणारा तंतू तुटला की घरातील तार आणि खिशातील फोन बहुधा एकदमच मुके होतात, एवढ्यापुरती तारेवरची नोंद फोनच्या बाजूनेही साक्ष देते. दुसरा आक्षेप विजेचा. किनाऱ्यावर पावसाळ्यात वीज वारंवार जाते, मग प्रोबचे मौन जाळ्याचे की विजेचे? इथे उपकरणाची रचना उपयोगी पडते. प्रोबला यूएसबीतून मिळणारी थोडीशी वीज पुरते, तो आपण किती वेळ अखंड चालू आहोत हे सांगतो, संपर्क तुटला तरी काही काळ मोजमापे साठवून नंतर पाठवतो, आणि वाटेतील पहिल्या दोन थांब्यांना नियमित हाक मारत असल्याने बिघाड घरातला, गल्लीतला की त्यापलीकडचा, याचा अंदाज देतो. राउटरसह त्याला एका लहान इन्व्हर्टरवर ठेवले की पुष्कळसा संशय मिटतो.

यजमानाच्या सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात सांगण्याजोगा आहे. प्रोबचे ठिकाण नकाशावर सुमारे एक किलोमीटरच्या फरकाने दाखवले जाते, आणि कोणाच्याही घरातून हव्या त्या संकेतस्थळाची पाने उघडवून घेण्याची मुभा हे जाळे देत नाही; हा संयम योग्य आहे, कारण यजमानाच्या नावावर दुसऱ्याने केलेल्या विचारणेचा जाब त्यालाच द्यावा लागू शकतो.

जोळ पद्धतीने विचार केला तर प्रोब कुठे असावा हे ठरवणे अवघड नाही. तो व्यक्तीपेक्षा संस्थेकडे असावा: सार्वजनिक वाचनालय, मच्छीमार सहकारी संस्था, शाळा, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र. प्रत्येक तालुक्यात निदान दोन, आणि तेही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्यांवर असावेत, म्हणजे एक गप्प झाला आणि दुसरा बोलत राहिला तर दोष कोणाचा हे कळेल. त्यांची साठणारी क्रेडिट गावाला नको असतील तर ती जिल्ह्यातच उपयोगी पडू शकतात. माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. किनाऱ्यावरच्या संस्थांनी आपली क्रेडिट तिथल्या विद्यार्थ्यांकडे वर्ग करावीत आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्या बळावर दर पावसाळ्यानंतर तालुकावार खंडांचा मराठी अहवाल त्या संस्थांना परत द्यावा, अशी देवघेव सावड आणि जोळ या दोहोंना एका बांधावर आणील.

अशा योजना बहुधा आरंभी नव्हे, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोडतात. उत्साही शिक्षकाची बदली होते, वाचनालयाची कार्यकारिणी बदलते, राउटर नवा येतो आणि कोपऱ्यातील ती डबी कशाची हे कोणाला सांगता येत नाही. जागा किंवा यजमान बदलताना जुना प्रोब काढून नवा लावला तर दोन्ही नोंदींची तुलनाच करता येत नाही, आणि मालिका तुटते. ती जोडायची तर जुने आणि नवे काही काळ शेजारी-शेजारी चालवावे लागतात. मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, दोहोंतील फरक नेमका काढला आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबवले; त्यामुळे १८४१ मध्ये मुंबईत सुरू झालेली आकड्यांची ओळ अलिबागच्या किनाऱ्यावर आजही पुढे सरकत आहे.